नववीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना, मग हे वाचा

मॅडम, दादागिरी करणारा पोरगा आठवडाभरात कळतो. कळत नाही तो त्याच्यापुढे वाकलेला. माझ्या वर्गात एक मुलगा रोज दोघांची दप्तरं तिसऱ्या मजल्यावर न्यायचा. मधल्या सुट्टीत त्याचा डबा दुसरेच संपवायचे आणि तो हसत रिकामा डबा पुसत बसायचा. विचारलं तर म्हणे, "मस्करी चालते सर आमची." मी कित्येक महिने ते खरं मानलं. सहामाहीनंतर एकाच अक्षरातल्या तीन प्रयोगवह्या हातात आल्या तेव्हा डोळे उघडले. ते हसू म्हणजे मार चुकवायची युक्ती होती. आजही त्याचं वाईट वाटतं.

अशा मुलाला सगळ्यांसमोर कधीच विचारू नका, तो नाहीच म्हणणार. खडू आणायला पाठवा, वाटेत गाठा, एकटं बोला. "तूही दे एक ठेवून" हे तर चुकूनही नको. ते जमत असतं तर त्याने केव्हाच केलं असतं. दोघांना हात मिळवायला लावून प्रकरण मिटत नाही, शाळा सुटल्यावर सायकल स्टँडवर त्याची वसुली होते. तारीख घालून नोंद ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्या. आणि बघत उभ्या राहणाऱ्या पोरांशी बोला. त्यातला एक जरी त्याच्या शेजारी डबा खायला बसला, तरी खूप फरक पडतो.