ठाण्यात वापरायला जुना हॅम (हौशी रेडिओचा) रिसीव्हर घ्यायचाय, कॉलिन्स ७५ए-४ की हॅलिक्राफ्टर्स एस-३८, बनावट कुणाची चांगली?
कॉलिन्सची, आणि फरक खूप मोठा आहे. दोन्हींची झाकणं काढून बघितलीत म्हणून सांगतो, ७५ए-४ मध्ये ट्युनिंगला लोखंडी भुकटीचा गाभा कॉइलमध्ये आतबाहेर सरकतो त्यामुळे डायल सगळीकडे सारखी चालते, स्टेशन परत जागेवर सापडतं, वर मेकॅनिकल फिल्टर, गर्दीतला सिग्नल अगदी वेगळा काढतो. एस-३८ नवशिक्यांसाठी स्वस्तात काढलेला, त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही, चॅसी म्हणजे आतला धातूचा सांगाडा थेट घरच्या विजेच्या लाइनला जोडलेला असतो आणि सेट ११५ व्होल्टचा, म्हणून आपल्या २३० वर आयसोलेशनवाला (सेट मेन्सपासून वेगळा ठेवणारा) स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग घालूच नका. फक्त कॉलिन्सच्या फिल्टरमधला फोम जुना होऊन चिकट होतो, सिग्नल दबतो, शिवाय खाडीकडच्या दमट हवेत पडून राहिलेला सेट असेल तर पेपर कपॅसिटर आधी तपासा.