चहाचं टेबल घ्या, पण लेकीच्या पैशातून नको

ताई, फिलाडेल्फियातल्या लिलावात १७६५ च्या आसपासचं महोगनीचं चहाचं टेबल तुमच्या मनात भरलंय. २०,००० डॉलरच्या बोलीसाठी लेकीच्या ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, पैसे काढू का, असं विचारलंत. लेक चार वर्षांनी कॉलेजला जाणार. त्या पैशांना हात लावू नका.

बोली २०,००० ला सुटली, तरी वर लिलावगृहाचं कमिशन. २५ टक्के धरू. झाले २५,०००. पेनसिल्व्हेनियाचा ६ आणि फिलाडेल्फिया शहराचा २, असा ८ टक्के विक्रीकर मिळवून २७,०००. उद्या विकताना १० टक्के कापले, तर नुसती मुद्दल सुटायला बोली ३०,००० वर जायला हवी. म्हणजे ५० टक्के वाढ, विम्याचा खर्च वेगळाच. नफा झालाच, तर अशा संग्राह्य वस्तूंवर दीर्घ मुदतीचा फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो. शिवाय शिक्षणाव्यतिरिक्त काढलेल्या ५२९ मधल्या वाढीवर प्राप्तिकर आणि १० टक्के दंड.

१९८६ मध्ये फिलाडेल्फियाचं असंच एक टेबल दहा लाख डॉलरच्या वर गेलं, हे खरं. पण तो अव्वल नग होता. मधल्या दर्जाच्या जुन्या महोगनी फर्निचरचे भाव गेल्या वीसेक वर्षांत चांगलेच उतरलेत.

किंमत ठरते ती कुठल्या गावच्या कारागिराचा हात आहे यावर. न्यूपोर्टच्या गोडार्ड-टाउनसेंड या सुतार घराण्यांची नामांकित टेबलं चौकोनी, ट्रेसारख्या उठावदार काठाची. बॉस्टनच्या काहींच्या कडेला गोल बुरूज. फिलाडेल्फियाचं मात्र एका खांबावरचं, तीन पायांचं. गोल फळीचा काठ नागमोडी कोरलेला, खाली पिंजऱ्यासारखा सांधा, त्यामुळे फळी फिरतेही आणि उभीही होते. हे काम इतकं देखणं की पाहताना मलाही हिशेब विसरायला होतं! पण फसगतही इथेच. साध्या फळीवर काठ मागाहून कोरतात, किंवा एकाची फळी दुसऱ्याच्या खांबावर बसवतात.

म्हणून टेप घेऊन जा. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, त्यामुळे अडीचशे वर्षांची गोल फळी किंचित लांबट झालेली असते. रेषांच्या दिशेचं आणि आडवं, दोन्ही मापं तंतोतंत जुळली, तर शंका घ्या. फळी उभी करून खालून पाहा. फळीखालच्या आडव्या पट्ट्यांशेजारी स्क्रूची रिकामी भोकं दिसली, तर ती का, हे विचारा.

संध्याकाळी त्यावर चहा ठेवून दोघांनी बसायचंय, असं लिहिलंत. हे कारण मला मनापासून पटलं. पण मग तो हौसेचा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. सहा महिन्यांचा राखीव निधी न मोडता बोनसमधून करा. कनेक्टिकटची साध्या काठाची चेरीची टेबलंही बघा, आणि बोलीआधी लिलावगृहाकडून दुरुस्त्यांचा लेखी अहवाल मागवा.