दारावरच्या तोरणाला ३०० डॉलर दंड?

प्रश्न: कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला आमचं टाउनहाउस आहे. दिवाळीत दाराच्या चौकटीला बांधलेलं कापडी तोरण तसंच आहे. वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं एकदम पत्रच आलं: ३०० डॉलर दंड, उशीर झाल्यास लेट फी आणि व्याज, शिवाय घर जप्त होईल अशी भाषा. भारतातून आलेल्या सासूबाई घाबरून गेल्या आहेत. तोरण काढू का?

उत्तर: काढू नका. असोसिएशनच्या बोर्डावर मी काही वर्षं काम केलं आहे. अशा पत्रांनी आपली माणसं किती धसका घेतात ते पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

श्रद्धेने लावलेल्या धार्मिक वस्तू दारावर किंवा चौकटीवर ठेवायला कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं (दिवाणी कायद्याचं) कलम ४७०६ संरक्षण देतं. मुख्य अट अशी की सगळं मिळून ३६ बाय १२ इंचांत बसावं आणि दार उघडताना-लावताना आड येऊ नये. तुमचं तोरण दाराच्या मापाचं असेल तर ते सहज बसेल. खाली लोंबणारे लांब सर असतील तर आधी टेप लावून मोजा. सामायिक वाटेवरच्या पणत्यांना मात्र हे कलम लागू नाही.

आता दंड. ३० जून २०२५ रोजी गव्हर्नरांची सही झालेल्या एबी (असेंब्ली बिल) १३० कायद्याने एका उल्लंघनाला जास्तीत जास्त १०० डॉलर ही मर्यादा घातली. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तरच त्याहून जास्त, आणि तेही बोर्डाने खुल्या बैठकीत लेखी कारण नोंदवल्यावर. तोरणाने कुणाला कसला धोका? दंडावर लेट फी आणि व्याज तर लावताच येत नाही.

तुम्हाला सुनावणीची नोटीस आली होती का? पत्रावरून तसं दिसत नाही. किमान १० दिवस आधी नोटीस, चूक सुधारायची संधी आणि बोर्डासमोर बाजू मांडायची मुभा दिल्याशिवाय दंड लागूच होत नाही. या सगळ्या मुद्द्यांवर बोर्डाला लेखी कळवा, तोरणाचा मापासकट फोटो जोडा.

सासूबाईंना सांगा, नियम मोडल्याच्या दंडासाठी असोसिएशनला कोर्टाबाहेर घराचा लिलाव करता येत नाही. पण रागाच्या भरात मासिक वर्गणी थांबवू नका. ती १,८०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाली, किंवा वर्षापेक्षा जास्त काळ थकली, तर घरावर खरोखरच जप्ती येऊ शकते.