आजोबांची संगीन जप्त झाली, आता काय?

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धातली त्यांची संगीन घरात आहे, तिच्यामुळेच मला जुनी लष्करी पाती जमवायचा नाद लागला. परवा एका जाणकाराला ती दाखवून आणि एक जुनी खुकरी (गुरख्यांचा वाकडा सुरा) विकत घेऊन कोल्हापूरहून निपाणीला परतताना कर्नाटक हद्दीतल्या कोगनोळी नाक्यावर पोलिसांनी दोन्ही जप्त केल्या. आता नोटीस आली आहे. अटक होईल का? संगीन परत मिळेल का?

उत्तर : नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 35(3) खालची असेल तर दिलेल्या तारखेला जरूर हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. जबाब कानडीत लिहिला जाईल. तो वाचून, समजावून घ्या, सही मात्र करू नका. चौकशीतल्या जबाबावर सही घ्यायला कायद्याचीच मनाई आहे. महजराची (जप्तीच्या पंचनाम्याची) प्रत मागा आणि पात्याचं माप काय लिहिलंय ते बघा.

शस्त्र नियमांच्या यादीत संगीन नावानिशी आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या खुकऱ्याही आहेत. त्यामुळे ‘शोभेची वस्तू’ हा बचाव लंगडा. पुराणवस्तू कायद्याचाही आधार नाही : 1972 च्या त्या कायद्याला शंभर वर्षांचं वय लागतं, आणि त्यानं शस्त्राचा परवाना माफ होत नाही.

तुमची खरी बाजू वेगळीच आहे. बंदुकीला लागतो तसा धारदार शस्त्राला सगळीकडे परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 4 प्रमाणे त्या भागासाठी आणि त्या प्रकारच्या शस्त्रासाठी राजपत्रात अधिसूचना निघालेली असावी लागते. ती नसेल तर विनापरवाना बाळगल्याचा आरोप उभाच राहत नाही. वकिलांना सगळ्यात आधी तीच मागायला सांगा. आरोपपत्राला जोडलेली नसेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गुन्हा रद्द करून मागता येईल.

त्या दिवशी जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश होता का, हेही तपासा. आपल्याकडे 1 नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिन) किंवा बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या सुमारास असे आदेश निघतात, आणि तेव्हा शस्त्र घेऊन फिरणं हा वेगळा गुन्हा ठरतो.

संगिनीसाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आजोबांचं डिस्चार्ज बुक आणि जुना फोटो जोडा. खुकरीची पावतीही जपून ठेवा. ‘कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा’ असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. शिक्षा झाली की शस्त्र अधिनियमाच्या कलम 32 खाली संगीन सरकारजमा होऊ शकते.