आधी बातमी लिहायला लाव

प्रिय,

माध्यमसाक्षरतेच्या पहिल्याच तासाला खोट्या बातम्यांचा ढीग दाखवणार आहेस, असं लिहिलंयस. नको दाखवूस. मुलांना मजा येईल, पण तास संपताना ती एवढंच म्हणतील, "म्हणजे सगळेच खोटं बोलतात." असं म्हणणारं मूल भाबड्या मुलाइतकंच फसतं, वर त्याला समजावणं जास्त जड जातं.

त्यापेक्षा त्यांना बातमी लिहायला लाव, शाळेतलीच. मधली सुट्टी दहा मिनिटांनी कमी झाली, एवढा विषय पुरतो. कुणीतरी हमखास लिहील, 'या निर्णयामुळे सर्व विद्यार्थ्यांमध्ये संतापाची लाट उसळली आहे.' तिथंच अडव. सर्व म्हणजे किती? विचारलंस कुणाला? लाट दिसली कुठे? मग स्वारी वही घेऊन वर्गाबाहेर जाईल आणि परत येऊन लिहील, 'आम्ही बारा जणांशी बोललो. सात जणांना निर्णय आवडला नाही, दोघांना तो माहीतच नव्हता.' उरलेले तिघं कुठे गेले, हेही विचार! नवं वाक्य मिळमिळीत वाटेल, वाटू दे. ते मिळवताना पायपीट झालेली असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरातली 'संतापाची लाट' त्याच्या डोळ्यांत आपसूक खुपते.

तपासण्याची सवय एकच लाव : पान सोडून बाहेर जायची. २०१७ साली सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी इतिहासकार, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अशा तिन्ही गटांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर रेंगाळले, देखण्या बोधचिन्हाला भुलले. तथ्यतपासनीस मात्र लगेच नवे टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघत, आणि कमी वेळात अचूक निष्कर्षावर पोचत. 'मन लावून शेवटपर्यंत वाच' हा आपला लाडका उपदेश इथं आड येतो. भाषेच्या शिक्षकांना हे रुचत नाही, पण आहे ते असं आहे.

उदाहरणं जुनी घे. आजचं राजकारण वर्गात आणलंस, की घरचं भांडण पाठोपाठ येतं. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्स या अमेरिकी नट-दिग्दर्शकानं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक सादर केलं आणि अमेरिकेत हाहाकार उडाला, ही गोष्ट सांग. मुलं खूष होतील. मग सांग, की ती घबराट वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली होती, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. रेडिओ तेव्हा वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवत होता. या बातमीत कुणाचा काय फायदा, हा प्रश्न पुढे मुलंच काढतील.

राहता राहिले गुण. शुद्धलेखनाला कमी ठेव. वहीत उजवीकडे समास आखायला सांग आणि प्रत्येक विधानासमोर 'हे कुठून कळलं' ते लिहून घे. यंत्राकडून लिहून आणलेला मजकूरही तिथंच अडतो. समास रिकामा आला तर गुण कापू नकोस. वही परत दे आणि भरून आणायला सांग.