गाण्याचं चित्रण की चित्रीकरण?

प्रश्न असा आहे: 'एका म्युझिक व्हिडिओबद्दल लिहिताना मी "यात गाण्याचं चित्रण नाही, वेगळीच कथा आहे" असं वाक्य लिहिलं. मित्राचं म्हणणं, व्हिडिओ आहे म्हणजे चित्रण आहेच. बरोबर कोण? आणि चित्रण व चित्रीकरण एकच का?'

एकच नाहीत. 'चित्रीकरण'मधली ती दीर्घ 'ई' संस्कृतातल्या 'च्वि' नावाच्या प्रत्ययामुळे आली आहे. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, हा त्याचा अर्थ: एकीकरण, सुलभीकरण, तसंच चित्रीकरण. म्हणून हा शब्द कामाला चिकटला. 'चित्रीकरण पुढे ढकललं' असं आपण म्हणतो, 'चित्रण पुढे ढकललं' असं कोणी म्हणत नाही. चित्रणाला कॅमेरा लागतच नाही. कादंबरीतही स्वभावाचं चित्रण असतं, आणि ते ठसठशीत, भडक किंवा एकांगी असू शकतं, कारण तिथे प्रश्न अर्थाचा असतो. तुमचे मित्र चित्रीकरणाबद्दल बोलत आहेत आणि तुम्ही चित्रणाबद्दल.

गोंधळाचं एक कारण 'चित्रित' हा शब्द आहे. 'चित्रीकृत' रुळलं नाही, त्यामुळे दोन्ही अर्थांचा भार 'चित्रित'वर पडला. 'हे गाणं अमक्यावर चित्रित झालं' यातला 'वर' मला फार आवडतो. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मग ते वाजवून त्यावर ओठ हलवले जातात. हा सगळा क्रम त्या दोन अक्षरी शब्दयोगी अव्ययात आहे.

तरीही तुमचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवणार नाही. शब्दांत नसलेली कथा दाखवली म्हणजे गाण्याचं चित्रण झालंच नाही, असं होत नाही. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये व्हिडिओ आणि गाणं यांच्यातले तीन संबंध सांगितले: शब्दच दाखवणारा, शब्दांत भर घालणारा आणि शब्दांपासून फटकून राहणारा. विभागणी उपयोगी आहे, पण आपल्याकडे याहून बारीक हत्यार आहे. अभिधा (सरळ अर्थ, म्हणजे वाच्यार्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही म्हणून घेतलेला जवळचा अर्थ) आणि व्यंजना (नुसता सुचवलेला अर्थ) या शब्दशक्ती शाळेच्या व्याकरणात आपण शिकलो आणि तिथेच ठेवून दिल्या. म्युझिक व्हिडिओंबद्दल लिहिताना त्या बाहेर काढायला हव्यात.

निव्वळ अभिधा सापडणं अवघड असतं. १९६५ साली अमेरिकी गायक बॉब डिलनने एका गाण्यासाठी त्यातले शब्द लिहिलेले फलक कॅमेऱ्यासमोर एकेक करून टाकले. शब्दच दाखवायचे, याहून सरळ काय असणार? पण गाण्यात अकरा डॉलर म्हटलं जातं तेव्हा फलकावर २० असतात, आणि काही शब्दांची स्पेलिंग मुद्दाम मोडलेली आहेत. वाच्यार्थ दाखवता दाखवताच त्याला फाटा दिला आहे.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 'द सायंटिस्ट' या गाण्याचा व्हिडिओ तर मी पुन्हा पुन्हा पाहतो. पुन्हा आरंभाशी जावं, ही गाण्यातली ओढ लाक्षणिक आहे, कारण नातं काही शब्दशः मागे नेता येत नाही. व्हिडिओ मात्र तो शब्द खरा मानतो आणि अख्खी गोष्ट उलटी चालवतो. गाणाऱ्या ख्रिस मार्टिनने त्यासाठी गाणं उलट्या उच्चारांत पाठ केलं, म्हणजे चित्र उलटं फिरवल्यावर ओठ शब्दांशी जुळावेत. शेवटी दिसणारा मोटार अपघात शब्दांत कुठेच नाही, तरी तो उपरा वाटत नाही, कारण मागे जाण्याच्या इच्छेला त्याने कारण दिलं आहे. शब्दांतल्या लक्षणेची इथे चित्रात अभिधा झाली, आणि गाणं आणखी जड झालं.

त्याच दिग्दर्शकाचा, जेमी थ्रेव्हजचा, रेडिओहेड या बँडच्या 'जस्ट' या गाण्यासाठी केलेला १९९५ चा व्हिडिओ तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. एक माणूस फुटपाथवर आडवा पडतो. लोक जमून कारण विचारतात. संवाद ऐकू येत नाहीत, फक्त खाली अक्षरांत उमटतात. अखेर तो कारण सांगतो, नेमकी त्याच वेळी अक्षरं नाहीशी होतात, आणि पुढच्या दृश्यात सगळेच आडवे पडलेले असतात. यातलं काहीही गाण्यात नाही. पण माणूस आपली दशा आपणच ओढवून घेतो, हा गाण्याचा आशय आहे, आणि विचारू नका असं सांगूनही हटून विचारणाऱ्यांचं तेच होतं. ही व्यंजना आहे. 'सूर्य अस्ताला गेला' एवढंच म्हटल्यावर ऐकणारा निघायची तयारी करतो, तशी.

तेव्हा तुमच्या वाक्यात 'गाण्याचं चित्रण नाही' ऐवजी 'गाण्याच्या वाच्यार्थाचं चित्रण नाही' असं लिहा. मात्र ती वेगळी कथा गाण्याच्या कुठल्याच अर्थाला स्पर्श करत नसेल, ते काढून दुसरं गाणं लावलं तरी चालण्यासारखं असेल, तर मूळ वाक्य बदलू नका. तिथे फक्त चित्रीकरण झालेलं असतं.