टीएसएच वाढलाय, आयोडीनचे थेंब रोज किती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) ७ आलाय, दोन वर्षं आयोडीन नसलेलं मीठ खाताय आणि आता ५ टक्क्यांच्या ल्यूगोल द्रावणाचे (पाण्यात आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाईड विरघळवलेलं) रोज दोन थेंब घ्यायचा विचार आहे. थेंब घेऊ नका. हिशोब करून पाहा: त्या द्रावणाच्या एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम, म्हणजे ६,००० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. दोन थेंबांत ऐंशी दिवसांचं आयोडीन एका झटक्यात पोटात जातं. बहुतेक घोळ या मिलि आणि मायक्रोमध्येच होतात. अन्नासकट दिवसाची वरची मर्यादा युरोपात ६०० आणि अमेरिकेत १,१०० मायक्रोग्रॅम धरतात.

इतकं आयोडीन एकदम आलं की थायरॉईड ग्रंथी हार्मोन बनवणं आवरतं घेते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत पूर्ववत होते, पण हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडवरच हल्ला करते तो आजार) असेल तर बऱ्याचदा ती तशीच मंद राहते आणि टीएसएच आणखी चढतो. मग माणसाला वाटतं डोस कमी पडतोय, आणि तो थेंब वाढवतो! ग्रंथीत जुन्या गाठी असतील तर उलटं होतं. हार्मोन बेसुमार तयार होऊन छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं, उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

म्हणून आधी फ्री टी४ (रक्तातलं थायरॉईड हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) तपासून घ्या. बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवे येतात. अँटी-टीपीओ वाढलेलं निघालं तर टीएसएच वाढण्याचं कारण बहुधा हाशिमोटो आहे, आयोडीनची कमतरता नव्हे. लघवीतलं आयोडीन एकदाच तपासून एका माणसाचं निदान होत नाही, कारण तो आकडा रोजच्या खाण्याप्रमाणे वरखाली होतो. त्वचेवर आयोडीनचा डाग लावून तो किती वेळात उडतो हे बघायची ‘चाचणी’ तर सोडूनच द्या, आयोडीन हवेतही उडतं.

खाण्यात खरंच आयोडीन कमी असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. ३० पीपीएमच्या मिठात ग्रॅमला ३० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं, त्यातलं थोडं शिजवताना उडतं. मीठ जास्त खायचं नाही, आहे तेच बदलायचं. झाकण घट्ट ठेवा.

मीठ वर्ज्य असेल तर डॉक्टरांना विचारून १५० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. लेबलवर आकडा आयोडीनचा आहे की पोटॅशियम आयोडाईडचा, हे वाचा. आयोडाईडच्या वजनात आयोडीन सुमारे ७६ टक्केच असतं. मल्टिव्हिटॅमिनमध्येही आयोडीन असू शकतं, तेही बेरजेत धरा. केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) गोळ्या टाळा, कारण त्यांत आयोडीन किती निघेल याचा नेम नसतो. ६५ किंवा १३० मिलिग्रॅमच्या गोळ्या अणुदुर्घटनेसाठी असतात, त्या रोज घ्यायच्या नव्हेत. जखमेवर लावायचं टिंक्चर कधीही पोटात घेऊ नका.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गरज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, पण त्यातलं बरंचसं जेवणातून येतं, म्हणून गोळी साधारण १५०चीच देतात. लिथियम (मानसिक आजारावरचं), अमिओडॅरोन (हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं) किंवा थायरॉईड कमी करणारी औषधं चालू असतील तर स्वतःहून काही सुरू करू नका. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतच सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) चालू असेल तर आयोडीन त्याची जागा घेत नाही. लोह किंवा कॅल्शियम असलेली मल्टिव्हिटॅमिन त्याच्यापासून चार तास लांब ठेवा.

आयोडीनची गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. मध्येच धडधड, थरथर किंवा गळ्याला सूज जाणवली तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा. किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन ठरला असेल तर गोळीबद्दल आधीच सांगा, नाहीतर स्कॅन वाया जातो.